न काढलेला फोटो

आपल्या धामनोदकडे घरातलं माणूस गेलं की पहिली धावपळ होते ती फोटोची. पाटावर ठेवायला, हार घालायला एक बरासा फोटो हवा असतो. पुरुषांचा सापडतो. बाईचा मात्र शोधावा लागतो. मग कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधली, मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली ती कापून मोठी करून आणतात. कित्येक आज्या भिंतीवर आल्या त्या अशाच.

मोबाईल आला आणि सगळं उलटं झालं. आता आजारी बाईचे फोटो मोजायला नकोत. इंदूरच्या दवाखान्यात नेलं की पलंगावरचा एक, नाकात नळी असतानाचा एक, केमोने केस गेल्यावरचा एक. घटकाभरात ते साऱ्या गोतावळ्याच्या ग्रुपवर जातात. खाली हात जोडलेली चित्रं येतात. जन्मभर जिने पदर ढळू दिला नाही, तिला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

हा प्रश्न मोबाईलने आणला असं वाटतं, पण तसं नाही बरं का. तो कॅमेऱ्याइतकाच जुना आहे.

आपल्या माळव्याला कॅमेऱ्याची ओळख करून देणाऱ्यांत एक जैन माणूस होता, लाला दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करताना ते फोटो काढायला शिकले, होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले. १८९२ मध्ये त्यांनी तिथे खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. सगळं काम एका इंग्रज बाईच्या हाती, पुरुषाला आत मज्जाव. बाईचा फोटो कुणी, कुठे आणि कुणासमोर काढायचा याचा विचार तेव्हा केला गेला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आजाऱ्याच्या वाट्याला मात्र तो विचार आला नाही. १८९६-९७ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या वेळच्या इस्पितळांतल्या खाटांचे, खाटांवरच्या रोग्यांचे फोटो आजही संग्रहांत जपलेले आहेत. ते घरच्यांनी आठवण म्हणून काढलेले नव्हेत. सरकारी बंदोबस्त कसा चालला आहे ते दाखवायला काढलेले. अंगात ताप असलेल्या माणसाला कोण विचारतंय?

आता पुण्याच्या आगाखान पॅलेसची गोष्ट. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना तिथे कैदेत ठेवलं, पाठोपाठ कस्तुरबांनाही आणलं. आठवडा होतो न होतो तोच, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई तिथेच गेले. बांचं हृदय आधीच थकलेलं, छाती नेहमी भरलेली. १९४३ सरता सरता त्या अंथरुणाला खिळल्या. डॉ. सुशीला नायर आणि डॉ. गिल्डर हे दोघे त्यांच्याबरोबरच कैदेत होते, तेच औषधपाणी बघत. सेवेला मनु होती. शेवटी शेवटी कनु गांधींनाही आत येऊ दिलं.

हे कनु म्हणजे बापूंच्या पुतण्याचा मुलगा. सेवाग्रामला असताना त्यांना फोटोचा नाद लागला. घनश्यामदास बिर्लांनी कॅमेऱ्यासाठी १०० रुपये दिले. बापूंनी परवानगी दिली ती ३ अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला मुद्दाम बसवायचं-उभं करायचं नाही आणि आश्रम या कामाला पैसे देणार नाही. या अटी पाळून कनुंनी बापू-बांचं रोजचं जगणं टिपलं, तेवढं जवळून क्वचितच कुणी टिपलं असेल.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. बांचं डोकं बापूंच्या मांडीवर होतं. कनुंना तो क्षण टिपायचा होता. बापूंनी नाही म्हटलं. संध्याकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी बा गेल्या.

या नकाराकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. तो फोटो निघाला असता तर इंग्रज सरकारच्या कैदेत एक म्हातारी बाई कशी गेली याची साक्ष जगापुढे राहिली असती. इतिहासाचं नुकसानच झालं म्हणा ना. पण साठहून अधिक वर्षांचा संसार संपताना त्या दोघांमध्ये तिसरा डोळा नको, हेही पटतं. बापूंचं सगळं आयुष्य लोकांसमोर उघडं होतं, त्यांनी एवढी एक जागा झाकून घेतली.

मला खटकतं ते वेगळंच. नकार बापूंचा, इच्छा कनुंची. बांचं मत या गोष्टीत कुठेच येत नाही. आणि बांना मत नव्हतं असं नाही हो! बापूंनी कातलेल्या सुताची साडी शेवटच्या वेळी नेसवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. म्हणजे बोलणारी बाई होती, मरणाबद्दलसुद्धा.

विचारलं तर काय होतं, याचं एक उदाहरण दूर अमेरिकेतलं आहे. १९९० मध्ये ओहायो राज्यात डेव्हिड कर्बी नावाचा तरुण एड्सने शेवटच्या घटका मोजत होता. थेरेस फ्रेअर ही विद्यार्थिनी तिथे फोटो काढत असे. तिने त्याला विचारलं. तो हो म्हणाला, पण या फोटोंवर पैसा कमवायचा नाही या अटीवर. शेवटच्या दिवशी घरच्यांनीच तिला खोलीत बोलावलं. बापाने कवटाळलेल्या मुलाचा तो फोटो जगभर गेला, आणि एड्सच्या रोग्याला हात लावायला भिणाऱ्या लोकांना तिथे एक घर दिसलं.

आपल्या समाजाला तर शेवटचे दिवस लपवायची सवयच नाही. १९५५ मध्ये कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागरजी महाराजांनी सल्लेखना घेतली, कारण दृष्टी गेल्यावर जीव वाचवून चालणं, ईर्यासमिती पाळणं, होत नव्हतं. दर्शनाला लोकांची रीघ लागली. २६ व्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीतून शेवटचा उपदेश केला, तो ध्वनिमुद्रित झाला. १८ सप्टेंबरला समाधिमरण आलं. तो क्षीण आवाज आजही ऐकायला मिळतो. पण ते व्रत त्यांनी स्वतः, शुद्धीत, सर्वांसमक्ष घेतलं होतं आणि बोलायचं तेही स्वतः बोलले. कॅन्सर कुणी व्रत म्हणून घेत नाही. म्हणून दर्शनाचा न्याय दवाखान्यातल्या पलंगाला लावता येत नाही.

मग फोटो काढूच नयेत का? काढावेत. पुण्याला किंवा परदेशात असलेल्या लेकीला आईचा आजचा चेहरा बघावासा वाटतो, त्यात गैर काय? कधी आजारी बाईलाच वाटतं, नातवाबरोबर एक काढा रे माझा. फक्त विचारायचं. काढू का? कुणाला दाखवू? मी गेल्यावर यातला भिंतीवर कोणता लावायचा, हेही ती सांगू शकते, आणि हसत सांगते. आज हो म्हणाली म्हणून उद्याही हो धरायचं नाही. आणि हे विचारायचं ते तिची वाचा शाबूत असताना.

नुसता चेहराच काढायला हवा असंही नाही. माळ ओढणारी बोटं काढा, डाळ निवडणारे हात काढा. स्तवन म्हणताना आवाज भरून ठेवा.

बांच्या नावाचा ट्रस्ट १९४५ मध्ये उभा राहिला, त्याचं मुख्य ठिकाण आपल्या इंदूरचं कस्तुरबाग्राम. खेड्यातल्या बायका-मुलांसाठी तिथून काम चालतं. त्या कामाला बांच्या शेवटच्या क्षणाच्या फोटोची गरज कधी लागली नाही.