गंगापूर रोडची दोन टोकं

नाशिकचा गंगापूर रोड आनंदवल्लीवरून गंगापूरला जातो. आनंदवल्लीत राघोबादादांचा वाडा होता, तर गंगापुरात नारायणराव पेशव्यांची आई गोपिकाबाई राहत होत्या. काका-पुतण्याचं वैर या एका रस्त्यात मावतं.

१० जून १७६८. याच जिल्ह्यात धोडपला नारायणरावांचे भाऊ थोरले माधवराव पेशवे यांनी बंडखोर काकांना हरवून कैदेत टाकलं. मरण्याआधी त्यांनी काकांशी समेट केला. पण त्यांच्यामागे पेशवे झालेल्या नारायणरावांनी १७७३च्या एप्रिलमध्ये राघोबांना पुन्हा पुण्याच्या शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. दरबाराचे दोन तट पडले. राघोबांची माणसं गारद्यांना भेटू लागली. सरदाराला सरंजाम असतो, गावाचा वसूल असतो. गारदी मात्र रोख पगारावरचा शिपाई. पगार तुंबला की पैसा दाखवील तो त्याचा धनी.

३० ऑगस्ट, सोमवार, सकाळ. गणपतीचे दिवस. नारायणराव पर्वतीला जाऊन आले. अवघे अठरा वर्षांचे.

दुपारच्या सुमारास. गारद्यांत चुळबुळ असल्याचं कळलं. पेशव्यांनी सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत एका स्नेह्याकडे जेवायला गेले. त्या दिवसातली मला सर्वांत सलते ती हीच घटका. हरिपंत फितूर नव्हते. पुढे राघोबांविरुद्ध तेच लढले. बंदोबस्त जेवणानंतर करता येईल, एवढंच त्यांना वाटलं असावं.

साधारण एक. बांधकाम चाललेल्या दरवाजातून सुमेरसिंग आणि महंमद युसूफ यांचे गारदी आत घुसले. तोंडी पगाराच्या बाकीची मागणी, हातात नंग्या तलवारी. इच्छारामपंत ढेरे कापले गेले, अंगणातली गायही. नारायणराव पार्वतीकाकूंकडे पळाले, तिथून राघोबांकडे, आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. राघोबांचा सेवक तुळाजी पवार याने त्यांना ओढून सोडवलं. नारायणरावांचा सेवक चाफाजी टिळेकर धन्याच्या अंगावर पालथा पडला. वार दोघांवर झाले.

दीडच्या आसपास सगळं संपलं. राघोबांचा गारद्यांना हुकूम ‘धरावे’ होता की ‘मारावे’, यावर महाराष्ट्र आजही बोलतो. मिठी मारलेल्या पोराला सोडवू देणारे हात मात्र राघोबांचेच होते. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष त्यांच्यावरच ठेवला.

रात्र. त्र्यंबकराव पेठ्यांनी प्रेत नदीकाठी नेऊन अग्नी दिला. गोपिकाबाईंचा विश्वासराव पानिपतावर गेला, माधवराव थेऊरला. गोदाकाठी, गंगापुरात, तिसऱ्याची बातमी अजून पोचायची होती.