एका मद्यप्याला दुसरा हवा होता

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगचा माग काढत गेलं की आपण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टायरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अक्रन शहरात पोचतो. मे १९३५. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात उमेदवारी केलेला बिल विल्सन एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीत तिथे आला होता. डाव फसला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन, शेजारी शहरातल्या चर्चची यादी.

त्याने फोन उचलला. एका धर्मोपदेशकाकडून काही नावं मिळाली. एकेक नंबर लावत अखेर तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्याचं मागणं चमत्कारिक होतं. शहरात कुणी दारू न सुटणारा माणूस असेल तर मला भेटवा, असं तो म्हणत होता.

यामागे न्यूयॉर्कमधला अनुभव होता. तिथे त्याने महिनोन्‌महिने पिणाऱ्यांच्या मागे लागून त्यांना उपदेश केला होता. एकही सुधारला नाही. पण त्या धडपडीत तो स्वतः मात्र प्यायला नव्हता. हे त्याच्या बायकोने, लोइसने त्याच्या लक्षात आणून दिलं. समोरच्याला वाचवण्यासाठी नव्हे, स्वतः टिकण्यासाठी दुसरा मद्यपी लागतो, ही या साऱ्या पद्धतीची मूळ जाणीव. पुढचं सगळं तिच्यापासून वाढलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाईंच्या घरी डॉ. बॉब स्मिथ आले. हे शल्यचिकित्सक आदल्या दिवशीच्या पिण्याने बेजार होते आणि पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. बोलणं सहा तासांहून अधिक चाललं. दारूच्या दुष्परिणामांबद्दल डॉक्टरांना नवं काय सांगणार? पण हा पाहुणा उपदेश करत नव्हता, स्वतःचीच हकिगत सांगत होता, आणि त्यातला शब्द न् शब्द डॉक्टरांनी भोगलेला होता. मधे ते एकदा घसरलेही. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस मानला जातो आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापनादिनही तोच. त्याच महिन्यात दोघं मिळून इस्पितळात खाटेवर पडलेल्या एका वकिलाला भेटायला गेले. तो तिसरा.

असा प्रयत्न पूर्वीही झाला होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी शपथ घेतली आणि आपापल्या कहाण्या जाहीर सभांतून सांगायला सुरुवात केली. वॉशिंग्टोनियन नावाने ही चळवळ वणव्यासारखी पसरली. पण दारूबंदीच्या राजकारणात आणि इतर वादांत सापडून थोड्याच वर्षांत विझली. आपसांत कबुली देण्याची रीत एएने ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या घरगुती बैठकांतून उचलली, आणि १९३९ पर्यंत तिच्यापासून फारकतही घेतली. ही फारकत मला फार महत्त्वाची वाटते. ती झाली नसती तर कॅथलिकांनाही तिथे अवघडल्यासारखं झालं असतं; मग हिंदू, मुसलमान किंवा देव न मानणारा तिथे कसा टिकला असता?

पुढे या मंडळींनी स्वतःला घालून घेतलेली बंधनं १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात पक्की झाली. बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, बाहेरच्या वादांत मत द्यायचं नाही, प्रसिद्धीत नाव येऊ द्यायचं नाही. सभासदत्वाला अट एकच, दारू सोडायची इच्छा. माझ्या मते ही चळवळ टिकली ती या बंधनांमुळेच. घरच्यांसाठी वेगळी अल-अनॉन १९५१ मध्ये उभी राहिली, त्यात लोइसचा पुढाकार होता.

भारतात एए १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झाली. पुढे ती मुंबईत आली, महाराष्ट्रभर गेली. आज शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी मीटिंग भरते. माणूस फक्त पहिलं नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक असल्याचं सांगतो आणि बोलू लागतो. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानेही उपचारांनंतरच्या फॉलोअपला मोठं स्थान दिलं. आणि हे नुसतं श्रद्धेवर चाललेलं नाही: २०२० मध्ये वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचं दिसलं.

तुम्ही किंवा घरातलं कुणी रोज भरपूर पीत असेल, तर दारू एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना गाठा. अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, जीवावरही बेतू शकतं. मग जवळची मीटिंग शोधा. एएच्या हेल्पलाइनवर ठिकाण आणि वेळ सांगतात. मराठी मीटिंग हवी असेल तर तसं विचारा. घरच्यांना सोबत यायचं असेल तर ओपन मीटिंग कधी असते तेही विचारून घ्या. प्रवेश फी नाही. पहिल्या दिवशी बोलायलाच हवं असं नाही, मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकलं तरी चालतं. आपण कुणावर भार टाकतोय असा संकोच मात्र मुळीच करू नका. तिथे बसलेल्या जुन्या मेंबरांना तुमच्या येण्याची गरज आहे.