‘त्रिंकोमाली’चा जीर्णोद्धार

पाषाणाचें मंदिर ऊनपाऊस सोसून शतकानुशतकें उभें राहतें. लांकडी जहाजाची गोष्ट निराळी आहे. ज्या पाण्यावर तें तरतें तेंच पाणी त्याचा वैरी असतें. तें फळ्यांच्या सांध्यांतून आंत झिरपतें. पावसाचें गोडें पाणी डेकमध्यें मुरून लांकूड कुजवितें. आणि मध्यभाग लाटांवर उचलला जात असतां जड नाळ व पिछाडी खालीं ओढत असल्यामुळें जहाजाचा कणाच हळूहळू कमानीसारखा वांकतो. म्हणून दोनशें वर्षांपूर्वीचें एखादें लांकडी जहाज आजहि तरंगत असेल, तर तें बांधणाऱ्या हातांइतकेंच श्रेय तें दुरुस्त करणाऱ्या हातांस द्यावें लागतें. मुंबईच्या गोदींत जन्मलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका याचें उत्तम उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांमुळें इंग्लंडांत ओकच्या लांकडाची टंचाई झाली होती. मलबारचें सागवान मात्र विपुल मिळे, आणि एका बाबतींत तें ओकहून सरस होतें. ओकमधील आम्लानें लोखंडी खिळे गंजून सैल होतात. सागवानांत तसें आम्ल नसतें, उलट त्यांतील तेल लांकडाचें आणि खिळ्यांचेंहि रक्षण करतें. शिवाय मुंबईस हें लांकूड घडविणारे कुशल हात होते. इ. स. १७३६ मध्यें सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

‘त्रिंकोमाली’ बांधण्याचा हुकूम १८१२ सालीं निघाला. परंतु तिचे नकाशे ज्या ‘जावा’ नामक जहाजावरून येत होते, तें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्राझिलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नें जिंकून नष्ट केलें. त्यामुळें कामास आरंभ होण्यास १८१६ साल उजाडलें. पारशी परंपरेप्रमाणें जमशेटजी बोमनजी वाडिया यांनीं नौकेच्या कण्यांत कोरीव अक्षरांचा एक रुप्याचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली, तेव्हां ज्या युद्धासाठीं ती मागविली होती तें संपून दोन वर्षें लोटलीं होतीं!

१८१९ मध्यें ती पोर्टस्मथला पोहोंचली, ती राखीव म्हणून नांगरून ठेवण्यासाठींच. पुढें १८४५ सालीं तिच्या पिछाडीची रचना बदलून व संख्येनें थोड्या पण अधिक भारी तोफा चढवून तिला सेवेंत घेण्याची तयारी झाली. वेस्ट इंडीज आणि पॅसिफिक या दोन्ही समुद्रांत तिनें पहारा केला. त्यानंतर ती नाविकांच्या शिक्षणासाठीं वापरली गेली. आणि अखेर १८९७ सालीं मोडीच्या व्यापाऱ्यास विकली गेली.

येथें तिची कथा संपावयाची. परंतु तसें झालें नाहीं. नेल्सनचें निशाण एके काळीं जिच्यावर फडकलें होतें ती ‘फूड्रॉयन्ट’ ही जुनी नौका जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थानें विकत घेऊन दुरुस्त केली होती. ती त्याच वर्षीं ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटली. खचून न जातां कॉबनें मोडींत निघालेली ‘त्रिंकोमाली’ घेतली, तिची डागडुजी केली, आणि गेलेल्या नौकेचें नांव तिला दिलें. त्या परक्या नांवानें तिनें सुमारें नव्वद वर्षें मुलांना समुद्राचे धडे दिले.

तिच्या सोबतीस ‘इम्प्लॅकेबल’ नांवाची दुसरी नौका होती. ती मूळची फ्रेंच. १८०५ सालीं ट्राफल्गारला लढून त्याच वर्षीं इंग्रजांच्या हातीं पडलेली. दोघींचें काम एकच. नशीब मात्र निराळें. मोठ्या ‘इम्प्लॅकेबल’चें लांकूड कुजलें होतें, आणि दुरुस्तीचा खर्च उचलण्यास युद्धानें थकलेल्या त्या काळांत कोणी पुढें आलें नाहीं. २ डिसेंबर १९४९ रोजीं इंग्लिश खाडींत सुरुंग लावून ती बुडविण्यांत आली. त्या वेळीं तिच्यावर दोन्ही राष्ट्रांचीं निशाणें फडकत होतीं. तिच्या पिछाडीचें नक्षीकाम आज ग्रीनिच येथील संग्रहालयांत पाहावयास मिळतें.

ही पाळी तिच्या जोडीदारिणीवर आली नाहीं. १९८६ सालीं शिक्षणाचें काम थांबल्यावर पुढील वर्षीं तिला एका मोठ्या तराफ्यावर चढवून ईशान्य इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरीं नेलें. ‘वॉरियर’ या जुन्या लोखंडी युद्धनौकेची दुरुस्ती तेथें नुकतीच पुरी झाली होती, त्यामुळें जाणते कारागीर हाताशीं होते. १९९० ते २००१ अशीं अकरा वर्षें काम चाललें आणि त्यास एक कोटीहून अधिक पौंड लागले. १९९२ मध्यें तिला तिचें मूळ नांव परत मिळालें.

अशा कामांत खरी कसोटी नवें घालण्यांत नसून जुनें ओळखण्यांत असते. कुजकें लांकूड ठेवलें तर तें शेजारचें लांकूड नासवितें. आणि सर्वच बदललें तर उरते ती जुन्या नौकेची नक्कल. प्रत्येक फळी व प्रत्येक बरगडी ठोकून, टोंचून पाहून तिचा निवाडा करावा लागतो. या निवाड्यानंतरहि ‘त्रिंकोमाली’चें निम्म्याहून अधिक लांकूड मूळचेंच राहिलें, यांत मलबारच्या सागवानाची आणि मुंबईच्या सुतारांची परीक्षा झाली, व तींत दोघेहि उतरले.

आज हार्टलपूलच्या शांत गोदींत ती तरंगत आहे. जमशेटजींनीं रुप्याचा खिळा ठोकून तिचें शुभ चिंतिलें होतें. तें शुभ खरें करण्यासाठीं मात्र दोनशें वर्षें अनेक अनामिक हातांना साधे खिळे ठोकावे लागले.