हास्यक्लब आणि नैराश्य

हास्यक्लब : सकाळी मोकळ्या जागी जमून, विनोदाचा आधार न घेता, ठरवून हसण्याचा व्यायाम करणारी मंडळी. याच प्रकाराला ‘हास्ययोग’ असेही म्हणतात. नैराश्य हा आजार आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ टिकणारी उदासी, कशातच मन न लागणे, झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, आपण कुणाच्या कामाचे नाही असे वाटत राहणे ही त्याची लक्षणे. या आजारात हास्यक्लबचा उपयोग होतो, पण त्यात हसण्याचा वाटा लोक समजतात त्याहून कमी आणि मंडळीचा वाटा जास्त आहे.

हा प्रकार मुंबईतच जन्मला. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली. आधी रोज कुणीतरी विनोद सांगे आणि बाकीचे हसत. पंधरवड्याच्या आतच चांगले विनोद संपले. उरलेले एक तर चावट होते, नाही तर कुणाला तरी बोचणारे. चार दिवस नाक्यावर बसलेल्या कुणालाही हे ठाऊक असते. मग कटारियांनी विनोदच काढून टाकला. नुसते हसायचे, नजरेला नजर देऊन हसायचे. खोटे सुरू झालेले हसू समोरच्याचे तोंड पाहून थोड्या वेळात खरे होते. त्यांच्या पत्नी माधुरी योगशिक्षिका असल्यामुळे त्यात प्राणायाम आला. १९९८ पासून जागतिक हास्यदिन पाळला जातो. हल्ली तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. पुण्यात नवचैतन्य हास्ययोग परिवाराने ही चळवळ घरोघरी नेली.

दादरच्या शिवाजी पार्कसारख्या मैदानात सकाळी फिरायला येणाऱ्यांना हास्यक्लबचा गोल नवा नाही. कट्ट्यावर चपला काढलेल्या, साडीवर स्वेटर, कुणाच्या डोक्याला माकडटोपी. ‘हो हो, हा हा हा’ म्हणत टाळ्या, मग दोन्ही हात वर करून लांब श्वास, मग नमस्ते हास्य, जीभ बाहेर काढून सिंहहास्य, कानाला हात लावून मोबाईल हास्य, शेवटी तोंड मिटून मूक हास्य. नवखा माणूस हाताची घडी घालून कडेला उभा राहतो आणि ‘हे काय चाललंय’ अशा चेहऱ्याने बघतो. त्याला कुणी ओढत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला नाही की मात्र कुणीतरी विचारते, “काका, काल दिसला नाहीत?” नैराश्याच्या दृष्टीने पाहिले तर सगळ्या वीस मिनिटांतले सर्वांत मोलाचे वाक्य बहुधा हेच.

हसण्याचे असे प्रकार पाडणे जुनेच आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार येतात : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. ओठांच्या कडा हलण्यापासून डोळ्यांत पाणी येऊन अंग हलेपर्यंतची ही चढती भाजणी आहे. स्वतः हसणे ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवणे ते परस्थ, असा आणखी एक भेद तिथे आहे. हास्यक्लबात या दोन्हींची सरमिसळ होते.

हास्यक्लबच्या उपयोगाचा शास्त्रीय पुरावा मध्यम आहे, भक्कम नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट इतरांच्या संगतीत हसतो. संशोधक रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांना समूहात खळखळून हसल्यावर वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली आढळली. २०१७ मध्ये फिनलंडमधील तुर्कू येथील संशोधकांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवले की मित्रांसोबत हसताना शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्ये सुटतात. नैराश्याशी थेट संबंध असलेला अभ्यास इराणमधला, २०११ चा. नैराश्य असलेल्या वयस्क स्त्रियांच्या एका गटाने हास्ययोग केला, दुसऱ्याने सामूहिक व्यायाम आणि तिसऱ्याने यातले काहीच केले नाही. पहिल्या दोन्ही गटांचे नैराश्य कमी झाले, पण त्या दोघांत ठळक फरक निघाला नाही. म्हणजे हसण्याऐवजी नुसती कवायत केली असती तरी मन तेवढेच हलके झाले असते. फरक एवढाच की पन्नाशी उलटलेल्या माणसाला रोज कवायतीला बोलावणे कठीण आणि हसायला बोलावणे त्या मानाने सोपे. नैराश्यात अंथरुणातून उठणे हेच सर्वांत अवघड काम असते. ठरलेली वेळ, अंगावर पडणारे सकाळचे ऊन, हालचाल आणि कुणीतरी वाट पाहत असल्याची जाणीव या चार गोष्टी क्लब एकदम देतो.

मुंबईच्या लालबाग-परळ भागातल्या गिरणगावाला मंडळीची ही किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चाळीत गॅलरी सामाईक, नळ सामाईक, त्यामुळे दोन दिवस कुणाचे दार उघडले नाही तर शेजारी कडी वाजवत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले आणि लालबाग-परळमधल्या पुरुषांच्या दिवसाला असलेला आकार गेला. त्या पिढीतल्या किती जणांचे नैराश्य ‘दारूला लागला’ एवढ्याच शब्दांत मोजले गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

याच भागातले विनोदी नट दादा कोंडके. जन्म ८ ऑगस्ट १९३२, नायगावच्या चाळीत, गिरणीवर जगणाऱ्या घरात. जवळची माणसे एकापाठोपाठ गेल्यावर ते लोकांना हसवण्याकडे वळले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने ते घराघरांत पोचले आणि ‘सोंगाड्या’ (१९७१) नंतर सिनेमात स्थिरावले. दुःखातून परस्थ हास्याकडे जाण्याची ही ठळक वाट खरी, पण एका कलावंताच्या आयुष्यावरून कुणाला औषधपत्र लिहून देता येत नाही.

विनोद सगळाच औषधी असतो असेही नाही. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी विनोदाच्या चार शैली मांडल्या. त्यांतली स्वतःला खाली ओढून इतरांना हसवण्याची शैली नैराश्याच्या जोडीने आढळते. गिरगावच्या खवचट बोलण्यात ती सहज मुरलेली असते. स्वतःच्या फजितीचे किस्से सांगून सगळी गॅलरी हसवणारा माणूस घरात दार लावून बसतो, तेव्हा कुणाला संशयही येत नाही. “जरा हस की”, “नाटकं करतोय”, “सगळं असून रडायचं काय?” ही वाक्ये तर सरळ अपाय करतात. नैराश्यातल्या माणसाला हसू येत नाही हाच आजार आहे. जमत नाही ते करायला सांगून वर अपराधीपणाही त्याच्या पदरात टाकला जातो.

म्हणून हास्यक्लब उपचाराच्या सोबत घ्यावा, त्याच्या जागी नाही. सौम्य नैराश्यात, आणि औषध व समुपदेशनाने माणूस सावरू लागल्यावर, त्याचा खरा उपयोग होतो. आजार तीव्र असताना कुणाला बळेच गोलात उभे करू नये. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा अपस्मार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. उन्माद व नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात उन्मादाच्या काळातले अनावर हसू हे लक्षण असते, सुधारणा नव्हे.

क्लबांवर तक्रारीही झाल्या. कुर्ल्यात तलावाकाठी भल्या सकाळी चालणाऱ्या अशा हास्याच्या गजराविरुद्ध एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. पहाटे झोप लागलेल्या शेजाऱ्याची बाजू चुकीची म्हणवत नाही. नैराश्यात तर बहुधा झोपच आधी बिघडते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात साधारण वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य येते आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. परळचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर या दोन्ही पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. आत्महत्येचे विचार येत असतील तर गोलात जाण्याआधी तिथे जावे, किंवा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. टेलि-मानसची ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.