जुनी फायबर होडी घेताय? रंग बघू नका, मागची फळी हलवून बघा

करमाळा / इंदापूर : उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलावर उपड्या घातलेल्या होड्याही नजरेला पडतात. जुन्या होड्यांच्या खरेदी-विक्रीची बोलणी याच दिवसांत जास्त होतात. नवीन होडी परवडत नाही, वल्ह्याची लाकडी नाहीतर पत्र्याची होडी ओढून हात भरून येतात, म्हणून बॅकवॉटरच्या गावातली तरुण पोरं जुन्या फायबर होडीकडे वळतात. ट्रॅक्टर घेताना चार माणसं सोबत नेणारा माणूस होडी मात्र ताजा रंग बघून घेतो. अडचण तिथंच आहे.

भीमेवरच्या या धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला सुमारे 63 टीएमसी नुसता मृतसाठा. म्हणजे धरण 'मायनस'मध्ये गेलं तरी मध्यभागी पाणी खोलच राहतं. 21 मे 2024 ला कुगाव (ता. करमाळा) ते कळाशी (ता. इंदापूर) जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. वारा कुणाच्या हातात नाही. होडी कशी घ्यायची आणि कशी दुरुस्त करायची, हे मात्र हातात आहे.

उपडी घालून ठोकून बघा

होडी पाण्यात असताना सौदा करू नये. काठावर ओढून, धुऊन, उपडी घालून बघावी. विकणारा 'आत्ताच रंग दिलाय' म्हणत असेल तर जास्त वेळ बघावी.

स्क्रू-ड्रायव्हरची मूठ किंवा रुपयाचं नाणं घेऊन तळ वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. चांगल्या फायबरचा आवाज टणक, खणखणीत येतो. आतले थर सुटले असतील किंवा पाणी मुरलं असेल तर आवाज बद्द येतो, भिजलेल्या खोक्यावर टकटक केल्यासारखा. तिथं खडूने गोल करा. एका ठिकाणी तळहाताएवढा गोल झाला तर दुरुस्ती आहे. निम्मा तळ गोलांनी भरला तर दुसरी होडी बघा.

तडे दोन जातीचे असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे बहुतेक वरच्या जेलकोटचे असतात. उन्हाने किंवा धक्क्याने पडतात, दिसायला वाईट पण लगेच घातक नाहीत. एकच सरळ तडा लांबवर गेला असेल, अंगठ्याने दाबल्यावर तिथं फायबर वर-खाली होत असेल, किंवा आतल्या बाजूलाही तीच रेघ दिसत असेल तर तो आरपार आहे. तळाचा मधला कणा खडकावर ओढून ओढून झिजतो. तिथं पांढरे धागे बाहेर आलेले असतील तर त्या धाग्यातून पाणी आत शिरतंय असं समजा. आणखी एक सोपी तपासणी आहे. होडी सरळ करून चार विटांवर ठेवा, आत वीतभर पाणी भरा आणि तासभर थांबा. गळती असेल तर बाहेरून थेंब दिसतात. पाण्यात बसून गळती शोधण्यापेक्षा हे बरं.

मागची फळी

इंजिन जिथं अडकवतात त्या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. बऱ्याच होड्यांत तिच्या आत प्लायवूड असतं, वरून फायबर. इंजिनाच्या बोल्टच्या भोकातून पाणी आत शिरतं, प्लायवूड कुजतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन लावलेलं असेल तर त्याच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली हलवा. फळी वाकली, कोपऱ्यात करकरली किंवा बोल्टजवळून तपकिरी पाणी झिरपलं तर ती गेलेली आहे. दुसरा मार्ग म्हणजे एक बोल्ट काढून भोकात तार फिरवायची. ओला, काळा भुसा निघाला की उत्तर मिळालं. ही दुरुस्ती मोठी असते. आतलं फायबर कापायचं, कुजलेलं सगळं काढायचं, नवं वॉटरप्रूफ प्लाय रेझिनमध्ये भिजवून बसवायचं आणि वरून पुन्हा थर द्यायचे. घेणाऱ्याने हा खर्च किमतीतून सरळ वजा करावा, लाजू नये. चालत्या होडीचं इंजिन फळीसकट पाण्यात गेलं तर मागे भोकच राहतं.

इंजिन थंड असताना चालू करायला लावा

गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवणारे काही कमी नाहीत. हात लावून बघा. गरम असेल तर चहा घ्या, निवू द्या, मग दोरी ओढा. आउटबोर्ड इंजिन कोरडं कधीच चालवू नये. मोठ्या ड्रमात पाणी भरून त्यात खालचा भाग बुडवून चालवायचं. चालू झाल्यावर मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. धार नसेल तर आतला रबरी पंखा गेलेला असतो नाहीतर वाट गाळाने तुंबलेली असते. पंखा स्वस्त, पण धारेशिवाय तापवलेलं इंजिन महाग पडतं.

गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू ढिला करून दोन थेंब ऑइल काढा. दुधाळ आलं तर सील फाटून पाणी शिरलंय. जाळीवाल्यांच्या इंजिनात याचं नेहमीचं कारण म्हणजे पंख्यामागे गुंडाळलेला नायलॉनचा धागा. म्हणून पंखा काढून मागे बघाच. होडी घेतल्यावरही हे अधूनमधून करावं. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावं, शेजाऱ्याच्या अंदाजावर नको. दोन सिलिंडर असतील तर मेकॅनिककडून दोन्हींचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत.

इंजिनाच्या दांड्याची लांबीही बघा. साधारण 15 इंच आणि 20 इंच उंचीच्या मागच्या फळीसाठी वेगवेगळी इंजिनं येतात. उंच फळीला आखूड इंजिन लावलं की पंखा हवा खातो आणि होडी नुसती ओरडते, पुढे जात नाही.

पॅच मारताना

तडा दिसला की एपॉक्सी लांबी चोपडून वरून रंग मारायचा, हा काठावरचा नेहमीचा उपाय. चार दिवस टिकतो. फायबरच्या कामाला लागणारं साधं पॉलिएस्टर रेझिन एपॉक्सीवर नीट धरत नाही, त्यामुळे आधीच्या मालकाने लावलेली लांबी पूर्ण घासून काढल्याशिवाय नवा पॅच बसत नाही.

तड्याच्या दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने उतार काढायचा. जाडीच्या बारापट उतार हा हिशेब. तळ 5 मिलीमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला 6 सेंटीमीटर. नुसत्या चिरेत रेझिन भरून काही होत नाही. मग होडी दोन-तीन कडक उन्हं खाऊ द्या, ॲसिटोनने पुसा आणि मॅटचे थर द्या. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट पुरतं. जास्त ओतलं तर पॅच जाड दिसतो, पण ठिसूळ होतो. थर देताना ब्रशने ठोकून हवेचे बुडबुडे बाहेर काढा.

हार्डनर 1 किलो रेझिनला साधारण 10 ते 20 ग्रॅम. मे महिन्याच्या उन्हात कमी बाजूला राहायचं, सकाळी काम करायचं आणि एका वेळी पाव-अर्धा किलोच कालवायचं, नाहीतर डब्यातच दगड होतो आणि धूर निघतो. पावसाळी ओलसर दिवशी हे काम काढूच नये.

एक गोष्ट इथं ठळक सांगायला हवी. दुकानात रेझिनसोबत हार्डनर आणि कोबाल्ट अशा दोन बाटल्या मिळाल्या तर त्या दोघी थेट एकमेकीत कधीच ओतू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, त्यानंतर हार्डनर. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावा. फायबर घासताना तोंडाला चांगला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा.

भरली तरी बुडू नये

नुसतं फायबर पाण्यात तरंगत नाही. होडी उलटून आत पाणी भरलं की तिला वर धरतं ते आतलं फोम नाहीतर हवाबंद कप्पे. जुन्या होडीत हे फोम भिजून जड झालेलं असतं किंवा मधल्या काळात कुणीतरी काढूनच टाकलेलं असतं. कप्प्याला बारीक भोक पाडून पाणी निघतंय का बघा, नंतर भोक बुजवा.

हिशेब अवघड नाही. 1 घनफूट जागा सुमारे 28 किलो वजन पेलते. 250 किलोची फायबर होडी पाण्याखाली गेल्यावर साधारण 80 ते 90 किलो भरते, इंजिनाचे आणखी 35-40. म्हणजे नुसती होडी वर राहायलाच पाचेक घनफूट जागा हवी. धरून लोंबकळणाऱ्या माणसांसाठी आठ धरा. महागडं फोम जमत नसेल तर घट्ट झाकणाचे 20 लिटरचे रिकामे कॅन अकरा-बारा घ्या आणि फळ्यांखाली दोन्ही कडांना पक्के बांधा. मध्ये तळाशी ठेवले तर भरलेली होडी पालथी व्हायला बघते. थर्माकोल वापरायचं तर जपून, रेझिन आणि पेट्रोल दोन्ही थर्माकोल विरघळवतात.

पहिली चाचणी काठाजवळ, छातीभर पाण्यात. माणसं बसवू नका, तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवा आणि कड पाण्यापासून किती वर राहते ते मोजा. निवांत पाण्यात वीतभर दिसणारी कड वाऱ्याच्या लाटेत काहीच नसते. पोती काढून, इंजिन उतरवून होडीत मुद्दाम पाणी भरा आणि ती तरंगते का ते बघा. पाणी उपसायला बादली, दोन वल्ही, दोर आणि बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट. जॅकेट उशाला ठेवायचं नाही, अंगात घालायचं.

कागद

इंजिनावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून बघा, खोडलेला नंबर असेल तर सौदा सोडा. खरेदीचा लेखी कागद साक्षीदारांसह करावा. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक होडीला नोंदणी, तपासणी आणि विमा आणला आहे. आपल्या होडीला त्यातलं काय लागू पडतं ते पैसे देण्याआधी विचारून घ्यावं, मासेमारीच्या परवान्याचं संस्थेत आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात वेगळं विचारावं. मासेमारीची होडी पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी नसते. लग्नसराईत पलीकडच्या गावाला दहा माणसं सोडायला कुणी बोलावलं, तर त्यांना रस्त्याचा फेरा सांगावा.