अमेरिकन चित्रकथांतील वीरांचें मरण

इ. स. १९३२ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहरीं मिचेल सीगल नांवाच्या एका ज्यू दुकानदाराच्या दुकानांत चोर शिरले. सीगल हे लिथुआनियांतून पोट भरण्यासाठीं आलेले गृहस्थ; जुन्या कपड्यांची खरेदीविक्री हा त्यांचा धंदा. चोरीच्या गडबडींत ते खालीं कोसळले आणि हृदयक्रिया बंद पडून मरण पावले. त्यांचा धाकटा मुलगा जेरी तेव्हां सतरा वर्षांचा होता. पुढें सहा वर्षांनीं, जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत, याच जेरी सीगलनें आपला चित्रकार मित्र जो शुस्टर याच्या साह्यानें एक असा पुरुष जगापुढें आणला कीं, ज्याच्या अंगाला शस्त्र लागत नाहीं आणि जो दुर्बळांवर हात टाकणाऱ्यांना मानगूट धरून उचलतो. त्याचें नांव सुपरमॅन. बाप चोरांमुळें गेला आणि मुलानें चोरांना न भिणारा वीर निर्माण केला, या दोन गोष्टींमध्यें कार्यकारणाचा धागा ओढण्याचा मोह अनेक टीकाकारांना झाला आहे. धागा ओढावा, पण फार ताणूं नये. कवीच्या मनांतलें दुःख आणि त्याच्या काव्यांतलें दुःख हीं नेहमीं एकाच मापाचीं असतात असें नाहीं. एवढें मात्र खरें कीं, सुपरहीरो म्हणून जो वीरांचा वर्ग पुढें अमेरिकेंत उदयास आला त्याच्या उंबरठ्यावरच एक प्रेत पडलेलें आहे.

दुसऱ्याच वर्षीं हें उघडपणें दिसून आलें. मे १९३९ मध्यें 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मधून बॅटमॅन हा वीर अवतरला होता. हा वटवाघळाचा वेष कां घेतो याचा खुलासा नोव्हेंबरच्या ३३ व्या अंकांत अवघ्या दोन पृष्ठांत करण्यांत आला. ब्रूस वेन नांवाचा श्रीमंताघरचा मुलगा आईबापांबरोबर रात्रीं घरीं परतत आहे. वाटेंत एक लुटारू आडवा येतो. दोन गोळ्या सुटतात, आणि मुलगा रस्त्यावर एकटा उरतो. पुढच्या चित्रांत तो मेणबत्तीच्या उजेडांत बिछान्याशीं गुडघे टेकून दुष्टांच्या पारिपत्याची शपथ घेतो. आणि त्याच्याही पुढच्या चित्रांत तो वयांत आलेला, विज्ञानांत पारंगत झालेला व पिळदार शरीराचा पुरुष आहे! तेरा दिवसांचें सुतकही त्या पोराच्या वाट्याला येत नाहीं. कोणी मांडीवर घेत नाहीं, कोणी जेवूं घालीत नाहीं, रात्रीं दचकून उठल्यावर कोणी थोपटीत नाहीं. शोकाचें रूपांतर तत्काळ व्यायामांत आणि रसायनशास्त्रांत होतें. एप्रिल १९४० मध्यें याच बॅटमॅनला रॉबिन नांवाचा बालसहकारी मिळाला. त्याचे आईबाप सर्कशींत झुल्यावरून पडून मेले होते, आणि झुल्याचे दोर गुंडांनीं निकामी केलेले होते. तोच सांचा, तीच घाई. या चित्रकथांत मरण हें धंद्याच्या भांडवलासारखें असे. तें एकदां गुंतवलें कीं त्याकडे पुन्हां पाहावें लागत नसे.

घाईचें कारण सोपें होतें. दहा सेंटांचा अंक, वाचक बहुतेक शाळकरी मुलें, आणि दर महिन्याला नवें कथानक पाहिजे. त्यांत इ. स. १९५४ सालीं डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या पुस्तकानें आणि सीनेटच्या समितीपुढील चौकशीनें एवढें वादळ उठविलें कीं, प्रकाशकांनीं आपण होऊनच एक कडक नियमावली स्वीकारली. चालतीं प्रेतें व रक्तपिपासू पिशाच्चें हद्दपार झालीं. आणि त्यांच्याबरोबर साध्या, घरगुती मरणाचीही वाट अरुंद झाली. वीराला मारावयाचेंच असेल तर कथेच्या आरंभीं ही 'काल्पनिक' कथा आहे असें बजावावें लागे. जणू एरव्हींच्या कथा खऱ्याच होत्या!

अशाच एका काल्पनिक कथेंत नोव्हेंबर १९६१ मध्यें सुपरमॅन मेला. लेखक स्वतः जेरी सीगल, चित्रकार कर्ट स्वॉन. कथानकांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सुपरमॅनचा हाडवैरी लेक्स लूथर तुरुंगांत असतांना कर्करोगावर औषध शोधून काढतो, आणि त्या पुण्याईवर सुटका मिळवून सुपरमॅनचा विश्वास संपादन करतो. मग संधि साधून त्याचा घात करतो. कांचेच्या पेटींत ठेवलेल्या शवापुढून शोकाकुल लोकांची रांग सरकत जाते तीं चित्रें आजही मनाला चटका लावतात. पण ज्या रोगानें घरोघरीं माणसें झिजून मरत होतीं त्यावरील औषध हें या कथेंत केवळ खलनायकाच्या कपटाचें एक प्यादें आहे. आजार कसा असतो, आजाऱ्याच्या खोलींत काय घडतें, याकडे या वाङ्मयानें अजून मान वळवून पाहिलेंच नव्हतें.

ऑगस्ट १९६२ मध्यें स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनीं स्पायडरमॅनला जन्म दिला तेव्हां एक पाऊल पुढें पडलें. ज्या चोराला या पोरानें गुर्मींत मोकळें सोडलें त्यानेंच त्याच्या चुलत्याचा, बेनकाकांचा, जीव घेतला. येथें दुःखाला अपराधाची जोड मिळाली. वीराच्या वाट्याला सूडाखेरीज पश्चात्तापही आला. जून १९७३ च्या १२१ व्या अंकांत जेरी कॉन्वे यांनीं याच वीराच्या प्रेयसीचा, ग्वेन स्टेसीचा, बळी घेतला. ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खालीं लोटतो. स्पायडरमॅन जाळें फेंकून तिला वरच्यावर अडवतो. पण वर ओढल्यावर कळतें कीं ती मेलेली आहे. चित्रकार गिल केन यांच्या त्या चित्रांत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत कट् असा आवाज लिहिलेला आहे. अर्थ असा होतो कीं, पडण्यानें नव्हे, तर वांचविणाऱ्यानें दिलेल्या हिसक्यानें तिची मान मोडली. वीराच्या सामर्थ्यालाच मरणाचें कारण ठरविणें ही गोष्ट मुलांच्या अंकांत नवीन होती, आणि वाचकांचा संतापही तसाच मोठा झाला. पण त्याहून हृद्य आहे तें पुढच्या अंकाचें शेवटचें पान. स्पायडरमॅन, म्हणजे पीटर पार्कर, खोलींत सुन्न बसलेला आहे. मेरी जेन नांवाची त्याची उच्छृंखल मैत्रीण सांत्वनाला येते. तो तिला टाकून बोलतो. ती दारापर्यंत जाते, थबकते, आणि दार आंतून लावून घेऊन मागें राहते. कोणी एक शब्द बोलत नाहीं. समाचाराला आलेल्या शहाण्या माणसानें काय करावें हें त्या पानाइतकें थोडक्यांत क्वचितच दाखविलें गेलें असेल.

तरीही ग्वेन मेली ती शत्रूच्या हातून, युद्धांत. सामान्य माणूस असा मरत नाहीं. तो अंथरुणावर मरतो. हें मरण या वीरांच्या जगांत आणण्याचें धैर्य जिम स्टार्लिन यांनीं १९८२ सालीं केलें. मार्व्हल कंपनीनें मोठ्या आकाराचीं चित्रकादंबऱ्यांचीं पुस्तकें काढण्यास आरंभ केला, त्यांतील पहिलेंच पुस्तक 'कॅप्टन मार्व्हलचा मृत्यु' हें होतें. लेखन व चित्रें दोन्ही स्टार्लिन यांचीं. त्यांचे वडील कर्करोगानेंच वारले होते, आणि या पुस्तकाच्या लेखनानें आपला पितृशोक हलका झाला असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे.

या कॅप्टन मार्व्हलनें १९७४ सालच्या एका अंकांत विषारी वायूच्या फुटलेल्या पिंपाचें तोंड हातानें बंद करून अनेकांचे प्राण वांचविले होते. ती कथाही स्टार्लिन यांचीच. त्या पराक्रमाचें फळ आठ वर्षांनीं कर्करोगाच्या रूपानें उगवतें. पुस्तकाच्या आरंभीं वीर आपल्या आठवणी यंत्रावर सांगून ठेवीत असतो, मधूनच खोकतो, त्याला आधींच कळून चुकलेलें असतें. सगळ्यांत विलक्षण कल्पना त्याच्या मनगटांवरील दिव्य कड्यांची. त्या कड्यांच्या सामर्थ्यानेंच रोग इतकीं वर्षें आवरला गेला. आणि आतां त्याच सामर्थ्यामुळें कोणताही उपचार आंत शिरकाव करूं शकत नाहीं. ज्या बळावर माणूस जगला तें बळच औषधाच्या आड येतें.

रिक जोन्स हा त्याचा तरुण सखा ही बातमी ऐकून आधीं शोक करीत नाहीं, तर चिडतो. आजाऱ्यावरच चिडतो! ज्या घरांत असा प्रसंग घडला आहे तेथील लोकांना हें खरें वाटेल. मग तो साऱ्या विद्वान् वीरांकडे धांव घेतो. जे ग्रह हलवितात, परग्रहांवरील सैन्यें परतवितात, त्यांनीं हा एक रोग कां बरा करूं नये? प्रयोगशाळेंत एकच धांदल उडते, आणि उपाय सांपडत नाहीं. लूथरनें १९६१ सालीं तुरुंगाच्या कोठडींत जें सहज शोधून काढलें तें येथें साऱ्या शहाण्यांनीं मिळूनही हातीं लागत नाहीं. यापूर्वीं आपण या रोगाकडे लक्ष कां दिलें नाहीं, हा प्रश्न त्या मंडळींना टोंचतो. आणि तो त्यांच्या लेखकांनाही टोंचावयास पाहिजे होता.

यानंतर पुस्तकांत लढाई जवळजवळ नाहीं. टायटन या उपग्रहावरील एका खोलींत एक खाट आहे आणि भेटीला येणाऱ्यांची रीघ आहे. रंगीबेरंगी पोषाखांतले ते बलदंड वीर खाटेभोंवतीं ओशाळल्यासारखे उभे राहतात. काय बोलावें हें कोणाला सुचत नाहीं. स्पायडरमॅनला तर तें दृश्य सोसवत नाहीं व तो खोलींतून बाहेर पडतो. ज्या स्क्रल जमातीशीं कॅप्टन जन्मभर लढला तिचा प्रतिनिधि येऊन शत्रूला शौर्यपदक देऊन जातो. रिकही राग गिळून परत येतो. शेवटीं रोगी बेशुद्ध होतो, त्या ग्लानींत जुन्या शत्रूशीं त्याची एक झुंज होते, आणि बाहेर खाटेशीं बसलेला मेंटर तो गेला एवढेंच सांगतो. पुस्तक संपतें. शेवटचें पान उलटल्यावर स्फोट नाहीं, सूड नाहीं, शपथ नाहीं.

हा वीर फारसा लोकप्रिय नव्हता, त्याचें स्वतंत्र मासिक १९७९ सालींच बंद पडलें होतें, आणि कंपनीला त्याचें नांव दुसऱ्या पात्रासाठीं मोकळें करून हवें होतें, हेंही सांगितलें पाहिजे. व्यापाराच्या सोयीनेंच या मरणाला वाट मिळाली. कदाचित् म्हणूनच तें टिकलें. मागाहून त्याच्या नांवाचीं सोंगें आलीं, क्षणभर त्याला उठविण्याचाही प्रयोग झाला. पण इतरांप्रमाणें तो पुन्हां संसाराला लागला नाहीं.

इतर लागले. एक्स-मेन मंडळींतील जीन ग्रे १९८० सालीं आत्मबलिदान करून गेली आणि १९८६ सालीं परत आली. त्या परतण्यानें पहिल्या मरणासाठीं वाचकांनीं ढाळलेले अश्रू उसने ठरले. १९८८ सालीं तर मरण मतपेटींत टाकण्यांत आलें. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, स्फोटांत सांपडतो. तो जगावा कीं मरावा हें वाचकांनीं दूरध्वनीवरून ठरवावें, दर खेपेस पन्नास सेंट आकार, मुदत छत्तीस तास. मरावा म्हणणारीं मतें ५३४३, जगावा म्हणणारीं ५२७१. बहात्तर मतांनीं एक पोर मेलें. त्या कथेचे लेखक जिम स्टार्लिनच होते. सहा वर्षांपूर्वीं ज्यांनीं खाटेशेजारीं बसून मरण चितारलें त्यांच्याच हातून हें घडलें, ही गोष्ट खेदाची आहे. जेसनही २००५ सालीं जिवंत होऊन आला.

सुपरमॅनचें मरण १८ नोव्हेंबर १९९२ रोजीं काळ्या पिशवींत बंद करून विक्रीस आलें. आंत हातावर बांधावयाची काळी फीतही होती. साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढें त्या चांगल्या भावानें विकतां येतील म्हणून कित्येकांनीं पिशवी फोडलीसुद्धां नाहीं. वर्ष उलटण्यापूर्वींच सुपरमॅन परतला. तथापि त्या बाजारांतही एक चित्र खरें उतरलें आहे. त्याला वाढविणारे वृद्ध केंट पतिपत्नी मुलाच्या अंत्ययात्रेला जाऊं शकत नाहींत, कारण तो आपला मुलगा होता हें जगाला सांगण्याची सोय नाहीं. ते आपल्या खेड्यांतल्या घरीं बसून ती यात्रा टेलिव्हिजनवर पाहतात.

दर महिन्याला अंक निघाला पाहिजे आणि वीर ही कंपनीची मालमत्ता आहे, या दोन अटींमुळें त्याला मरतां येत नाहीं, म्हातारा होतां येत नाहीं. आपल्याकडे चिरंजीवांत अश्वत्थाम्याचीही गणना होते. त्याचें चिरंजीवित्व हा वर नसून शाप आहे, आणि कपाळावरची जखम भरत नाहीं हें त्या शापाचें मर्म आहे. अमेरिकन वीरांना चिरंजीवित्व मिळालें, जखम मात्र पुढच्या अंकापर्यंत भरून येते.

मरण असें स्वस्त झाल्यावर गांभीर्य उरलें तें आजारांत. १९७९ सालच्या कथांत आयर्नमॅनला दारूच्या व्यसनानें ग्रासलें. १९९३ पासून एक्स-मेन कथांत एक सांथ पसरली, तिच्यांत वाचकांना एड्सची छाया दिसली. पण स्टार्लिनच्या पुस्तकाशीं खरें नातें सांगते ती जेसन ॲरन यांची कथा. तिच्यांत थॉरचा हातोडा २०१४ सालीं एका स्त्रीच्या हातीं जातो. ती जेन फॉस्टर, व्यवसायानें डॉक्टर, असें पुढील वर्षीं उघड होतें. आणि तिला स्तनाचा कर्करोग आहे. हातोडा उचलतांच ती देवता होते. पण तें परिवर्तन शरीरांतील सारें विष धुऊन काढतें, आणि रोगावर घेतलेलें जालीम औषधही त्यास विषच वाटतें. रोग तसाच राहतो, औषध तेवढें जातें. प्रत्येक पराक्रमानंतर ती पुन्हां रुग्णालयाच्या खुर्चींत, केस गळालेली, हाताला नळी लावून बसते. मित्र विनवितात, हातोडा ठेव. ती पुन्हां उचलते. चित्रकार रसेल डॉटरमन यांनीं तिचीं हाडें निघालेलीं मनगटें आणि तीच मनगटें हातोडा पेलतांना इतक्या शेजारीं शेजारीं काढलीं आहेत कीं डोळा एकावरून दुसरीकडे जातांना अडखळतो.

२०१८ सालीं ती शेवटचा हातोडा उचलते व मरते. आणि अर्थात् तिला परत आणण्यांत येतें. परंतु या खेपेस परतल्यावर ती देवता राहत नाहीं. उपचार पुढें चालू ठेवते आणि केस पुन्हां उगवूं लागलेली एक साधी बाई म्हणून दिसते. २०१९ सालीं तिला नवें काम मिळालें, तें वाल्किरीचें. मरणाऱ्यांजवळ जावयाचें आणि त्यांना पलीकडे पोंचवून द्यावयाचें.