वाघाची रायफल आणि सरकारचें भय

मोठ्या शिकारीसाठीं कोणती रायफल घ्यावी, ह्या प्रश्नाचें उत्तर वाघाच्या कातड्यावरून ठरत असेल, असें वाचकांस वाटेल. हिंदुस्थानांत तें पुष्कळ अंशीं सरकारच्या भयावरून ठरलें, असें आमचें मत आहे. आणि असल्या भयाचें कारण कळण्यास उमरीहून दूर जावयास नको.

१८९८ सालीं लंडनच्या रिग्बी कारखान्यानें .४५० इंच व्यासाचें नवें काडतूस काढलें. त्याची गोळी ४८० ग्रेनांची, म्हणजे अडीच तोळ्यांहून जड. वेग सेकंदास सुमारें २१५० फूट. वाघ, गवा, हत्ती ह्यांस ती पुरून उरे. परंतु लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यासही तोच होता, आणि अशा कित्येक रायफली बंडखोरांच्या हातीं पडल्या होत्या. शिकारी काडतुसांतील गोळ्या काढून ते आपल्यावरच झाडतील, ह्या धास्तीनें १९०७ च्या सुमारास सरकारनें ह्या व्यासाच्या दारूगोळ्यास हिंदुस्थानांत व सुदानांत बंदी केली. लागलीच .४६५, .४७०, .४७६ हे व्यास पुढें आले. .४७० ची गोळी ५०० ग्रेनांची, वेग तोच. वाघास त्यांतला फरक काय कळणार!

दुर्बिणीचा प्रश्न त्या मानानें गौण. मचाणाखालीं वीस-पंचवीस पावलांवर, तेंही तिन्हीसांजेस, नेम धरावयाचा. तेथें नळीच्या टोकावरील पांढरा ठिपका दिसला म्हणजे झालें.

हिंदी माणसास तर १८७८ च्या कायद्यान्वयें परवान्यावांचून बंदूकच बाळगतां येत नसे. युरोपियनांस मात्र सूट. .३०३ हा लष्कराचा व्यास, म्हणून बी. एस. ए. कंपनीनें येथें .३१५ ची रायफल विकावयास काढली.

सत्तेस शस्त्राचें भय कां वाटतें, हें मराठवाड्यानें निजामी अमलांत पाहिलें. ३० जानेवारी १९४८ रोजीं स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनीं उमरीच्या हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घालून सुमारें वीस लाख रुपये मुक्तिलढ्यासाठीं नेले. (त्याच सायंकाळीं दिल्लींत गांधीजींचा खून झाला.) त्या काळीं रझाकारांपैकीं पुष्कळांजवळही ठासणीच्या बंदुका, भाले व तलवारीच होत्या. अशा वेळीं शिकारीचें हत्यार कोणतें व लढाईचें कोणतें, हें कोणीं ठरवावें?

राज्य बदललें, तरी व्यासाचा तो भेद टिकला. इशापूरच्या सरकारी कारखान्यानें नागरिकांसाठीं .३१५ च उचलली, सामान्य परवानेदारास.३०३ निषिद्धच राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौसेची वाघाची शिकार बंद झाली, पण हा नियम कांहीं तिच्याबरोबर गेला नाहीं.